बॅकअपच्या डिस्कवर कालचंच दिसतंय, महिन्यापूर्वीची प्रत कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या मोंढ्यात आडत दुकान, हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये. रोज रात्री साडेनऊला १ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आपोआप बॅकअप होतो. १२ डिसेंबरला लक्षात आलं, की १ ते ७ नोव्हेंबरच्या सोयाबीनच्या वीस-बावीस हिशेबपट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या पावत्या) खात्यांत नाहीत. डिस्क उघडली तर काल रात्रीचाच डेटा दिसतो आणि त्यातही त्या पट्ट्या नाहीत. जुनी प्रत डिस्कवर आहे का, असली तर कशी काढायची, आणि ती काढताना मधलं सव्वा महिन्याचं काम पुसलं जाणार नाही ना?

बहुतेक वेळा जुनी प्रत डिस्कवर असते, पण उघड्या डोळ्यांना दिसेल अशी नसते. आणि ती शोधता शोधताच लोक तिला घालवून बसतात. म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगतो.

आज रात्रीचा साडेनऊचा बॅकअप होऊ देऊ नका. बॅकअपचं सॉफ्टवेअर किती प्रती ठेवायच्या याची मर्यादा पाळतं. नवी आली की सगळ्यात जुनी काढून टाकतं. समजा मर्यादा ३५ प्रतींची आहे. काल रात्रीपर्यंत ७ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर अशा ३५ प्रती झाल्या. आज रात्री ७ नोव्हेंबरची जाईल, उद्या ८ ची. तुम्ही चार दिवस ‘बघू, सीएंना विचारू’ करत बसलात तर हवी असलेली प्रत रोज एकेक करून हातची जाते.

नुसती केबल काढून भागत नाही. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) ‘वेळ चुकली तर नंतर लगेच चालवा’ अशी खूण केलेली असू शकते, त्यामुळे पुन्हा डिस्क जोडताच राहिलेला बॅकअप सुरू होऊ शकतो. तेव्हा आधी सॉफ्टवेअरमधलं वेळापत्रक बंद करा, टास्क शेड्युलरमधलं ते काम ‘डिसेबल’ करा आणि मग ‘सेफली रिमूव्ह’ करून डिस्क काढा. दुकानाचं चालू काम थांबवायची गरज नाही. रोजचा बॅकअप तोवर टॅलीतूनच वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, रोज नव्या तारखेच्या फोल्डरात.

दुसरं, ‘रिस्टोअर’चं बटण सध्या कुठेही दाबू नका. मूळ जागी रिस्टोअर केलं की आजचा डेटा झाकला जातो. तिसरं, जुन्या प्रतीतून काढलेल्या फाइली त्याच बॅकअप डिस्कवर ठेवू नका. असं का, ते पुढे येईल.

आणखी एक खातरजमा, कारण यात पाच मिनिटं जातात आणि कधीकधी सगळी दगदग वाचते. पट्ट्या खरंच गेल्यात का? टॅलीत ऑल्ट आणि एफ२ दाबून कालावधी १ एप्रिलपासून आजपर्यंत करा. त्या पट्ट्या ‘ऑप्शनल’ (खात्यांत न धरलेल्या) म्हणून तर पडल्या नाहीत, दुसऱ्या व्हाउचर (नोंदीच्या) प्रकारात तर गेल्या नाहीत, किंवा एकाच नावाच्या दोन कंपन्यांपैकी (टॅलीत कंपनी म्हणजे एक हिशेबसंच) दुसरीत तर नोंदल्या गेल्या नाहीत, हे पाहा. एडिट लॉग (बदलांची नोंदवही) चालू असेल तर कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या तारखेला व्हाउचर काढलं तेही तिथे सापडेल, म्हणजे शोधायची तारीख आयतीच हाती लागली.

आता डिस्क. जोडण्याआधी संगणक लावून ठेवायला वेळ किती लागेल ते मोजा. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टवर साधी फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, म्हणजे १ टीबी पूर्ण वाचायला पावणेतीन तास. काळ्या यूएसबी २ पोर्टवर हाच वेग ३०-३५ एमबीवर येतो आणि काम आठ-नऊ तासांवर जातं. लाईटचा भरवसा नसेल तर हे काम डेस्कटॉपऐवजी चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा. छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे सांभाळत नाही. उन्हाळ्यात असं काम निघालं तर डिस्क पत्र्याखालच्या केबिनमध्ये तासन्‌तास चालवू नका. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कच्या माहितीपत्रकात बाहेरच्या हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला सहज टेकतो. सकाळी लवकर, पंख्यासमोर, उभी न ठेवता आडवी.

डिस्क जोडल्यावर तिच्यावर लिहिणंच बंद करता येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, डिस्कपार्ट (विंडोजचं डिस्क हाताळायचं साधन) चालवा, ‘लिस्ट डिस्क’ने आकार पाहून आपल्या डिस्कचा क्रमांक ओळखा, ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक द्या, मग ‘ॲट्रिब्यूट्स डिस्क सेट रीडओन्ली’. क्रमांक दोनदा तपासा. डिस्कपार्टमध्येच ‘क्लीन’ नावाची डिस्क पुसणारी आज्ञाही आहे आणि ती विचारत नाही. काम झाल्यावर याच आज्ञेत ‘सेट’च्या जागी ‘क्लिअर’ लिहिलं की डिस्क पूर्ववत होते. डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फाइल उघडताना अडकत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. आधी लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने तिची सेक्टर न्‌ सेक्टर नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा (मॅप फाइल ठेवून, म्हणजे मध्ये लाईट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं) आणि सगळा शोध त्या नकलेवर घ्या.

पुढचं सगळं एका गोष्टीवर ठरतं. तुमचा बॅकअप कोणत्या जातीचा आहे? प्रश्नात ते दिलेलं नाही, पण डिस्क उघडल्यावर पहिल्याच यादीत काय पडलंय त्यावरून ते ओळखता येतं.

‘फाइलहिस्टरी’ नावाचा फोल्डर असेल तर तो विंडोज ८ पासून आलेला फाइल हिस्टरीचा संच आहे. आत वापरकर्त्याचं नाव, संगणकाचं नाव, मग ‘डेटा’ आणि ‘कॉन्फिगरेशन’. ‘डेटा’मध्ये फाइलीच्या प्रत्येक आवृत्तीच्या नावापुढे कंसात वर्ष_महिना_दिवस, मग तास_मिनिट_सेकंद आणि शेवटी ‘यूटीसी’ लिहिलेलं असतं. हे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) विसरू नका: आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. रात्री साडेनऊचा बॅकअप तिथे १६ वाजताचा दिसेल, यात तारीख तरी तीच राहते. पण पहाटे ४ ला घेतलेली प्रत आदल्या दिवशीच्या २२.३० ची म्हणून दिसते, आणि ८ तारखेची शोधणारा माणूस ७ ची सोडून देतो.

फाइल हिस्टरीतून काढायचं तर कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल हिस्टरीत ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ उघडा. खिडकीच्या तळाशी डावा-उजवा बाण असतो. डावा बाण दाबत हव्या तारखेवर या, कंपनीचा पूर्ण फोल्डर निवडा, खालच्या हिरव्या गोल बटणावर उजवी क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ घ्या आणि वेगळ्या डिस्कवरचा रिकामा फोल्डर दाखवा. नुसतं हिरवं बटण दाबलं तर फाइली मूळ जागी जातात.

हाताने ‘डेटा’ फोल्डरातून फाइली उचलायचा मोह होतो. तो टाळा. टॅलीच्या कंपनी फोल्डरात बऱ्याच फाइली असतात आणि सगळ्या मिळून एक कंपनी बनते. फाइल हिस्टरी जी फाइल बदलली तिचीच नवी आवृत्ती ठेवते. त्यामुळे, उदाहरणार्थ, ८ नोव्हेंबरची स्थिती म्हणजे ‘८ तारखेचा शिक्का असलेल्या फाइली’ नव्हेत, तर प्रत्येक फाइलीची ८ तारखेपर्यंतची शेवटची आवृत्ती. एखादी मास्टर फाइल ऑगस्टपासून बदललीच नसेल तर तिची ऑगस्टची आवृत्ती घ्यावी लागते. खिडकीतून काढलं तर हे आपोआप होतं, हाताने काढलं तर चाळीस फाइलींत एक तरी चुकते आणि कंपनी उघडत नाही.

या जातीची मोठी कमतरता अशी, की ती लायब्ररी, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स एवढंच पाहते. टॅलीचा डेटा सी किंवा डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात असेल आणि तो लायब्ररीत जोडलेला नसेल, तर संच कितीही जुना असो, त्यात तुमची कंपनी नाही. शिवाय त्या क्षणी टॅली उघडी असेल तर वापरात असलेली फाइल सुटू शकते.

डिस्कवर संगणकाच्या नावाचा फोल्डर, त्यात ‘बॅकअप सेट’ आणि तारीख असं नाव, त्याच्या आत ‘बॅकअप फाइल्स’ आणि तारीख, आणि त्यात क्रमांक घातलेल्या झिप फाइली दिसल्या तर तो विंडोज ७ पासूनचा ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ आहे. विंडोज १० आणि ११ मध्येही तो कंट्रोल पॅनेलमध्ये असतो. इथे तारीख यूटीसीची कटकट न करता फोल्डरच्या नावातच येते. ‘रिस्टोअर माय फाइल्स’मध्ये ‘चूज अ डिफरंट डेट’ हा दुवा आहे. तो न दाबल्यामुळे ‘शेवटचंच दिसतं’ अशी तक्रार होते. खिडकी काम करत नसेल तर झिप उघडून फाइली काढता येतात, पण इथेही पहिला फोल्डर पूर्ण प्रतीचा आणि नंतरचे फक्त बदललेल्या फाइलींचे असतात. म्हणजे जुन्यापासून सुरू करून ८ नोव्हेंबरपर्यंतचे सगळे फोल्डर तारखेच्या क्रमाने एकाच रिकाम्या फोल्डरात उलगडायचे, नंतरच्याने आधीच्यावर लिहू द्यायचं, आणि ८ ला थांबायचं.

‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डर असेल तर तुमचा प्रश्न नेमका इथला असायची शक्यता जास्त. कारण या जातीत एक्स्टर्नल डिस्कवर प्रत्येक ड्राइव्हची एकच व्हीएचडीएक्स फाइल (पूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे नक्कल) दिसते, तीही कालच्या तारखेची. जुन्या प्रती त्या डिस्कच्या शॅडो कॉपीत दडलेल्या असतात. विंडोज नवी इमेज जुनीवरच लिहितं, पण लिहिण्याआधी बदलणारे ठोकळे बाजूला साठवून ठेवतं. डिस्कवर जागा कमी पडली की सगळ्यात जुनी शॅडो कॉपी न विचारता जाते. त्याच डिस्कवर काढलेल्या फाइली ठेवू नका म्हटलं ते यासाठी. २० जीबीची फाइल तिथे कॉपी केलीत आणि त्या जागेपायी तुमची ८ नोव्हेंबरच गेली, असं होऊ शकतं. आणि हा फोल्डर नुसता कॉपी करून दुसऱ्या डिस्कवर नेला तर फक्त कालची प्रत सोबत जाते. जुन्या मागेच राहतात. डिस्क बदलायचीच असेल तर क्लोनझिलासारख्या साधनाने पूर्ण डिस्कची नक्कल काढा. बॅकअप नेटवर्कवरच्या फोल्डरात होत असेल तर मात्र विंडोज तिथे शेवटची एकच इमेज ठेवतं, शोधायला काही नाही.

कोणत्या तारखा शिल्लक आहेत ते पाहायला ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यूबीॲडमिन गेट व्हर्जन्स’ आणि पुढे बॅकअपटार्गेट म्हणून डिस्कचं अक्षर द्या. यादीतल्या ‘व्हर्जन आयडेंटिफायर’मध्ये महिना आधी, दिवस नंतर असतो. ११/०८/२०२५ म्हणजे ८ नोव्हेंबर, ११ ऑगस्ट नव्हे. आपली दिवस-महिना वाचायची सवय इथे हमखास फसवते आणि लोक ‘नोव्हेंबरची प्रतच नाही’ म्हणून डिस्क बंद करतात. हा आयडेंटिफायरही यूटीसीत असतो.

मग ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोज’ ही आज्ञा डिस्कच्या अक्षरासह द्या. प्रत्येक शॅडो कॉपीची निर्मितीची वेळ आणि ‘ग्लोबलरूट’ शब्द असलेला लांबलचक पत्ता मिळेल, शेवटी एक आकडा. हवी ती निवडून तो पत्ता ‘एमकेलिंक’ आज्ञेने, ‘/डी’ लावून, सी ड्राइव्हवर अजून अस्तित्वात नसलेल्या एखाद्या फोल्डरच्या नावाशी जोडा. पत्त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आपल्याला स्वतः घालावी लागते. आज्ञेच्या उत्तरात ती नसते. ती राहिली की जोडणी बनते पण उघडत नाही, आणि इथेच निम्मे लोक अडकतात. आज्ञांचा कंटाळा असेल तर शॅडोएक्सप्लोरर हे मोफत साधन हेच काम माउसने करतं. आत गेल्यावर त्या दिवशीची व्हीएचडीएक्स फाइल दिसेल. ती तिथूनच जोडायचा प्रयत्न करू नका. दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या, मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘ॲक्शन’, ‘अटॅच व्हीएचडी’ आणि ‘रीड-ओन्ली’वर खूण. नवं ड्राइव्ह अक्षर मिळेल आणि त्यात तुमचा पूर्ण सी ड्राइव्ह ८ नोव्हेंबरच्या रात्रीसारखा उभा असेल. टॅलीचा डेटा फोल्डर उचला, ‘डिटॅच’ करा.

नव्या ड्राइव्हवर कुलपाचं चित्र दिसलं तर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं साधन) आहे. त्याचा पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की लागेल.

ॲक्रॉनिस, वीम अशा सॉफ्टवेअरच्या फाइली असतील तर गोष्ट साखळीची आहे. रविवारी पूर्ण प्रत, सोमवार ते शनिवार आदल्या दिवसापासूनचा फरक, अशी इन्क्रिमेंटल साखळी असेल तर गुरुवारची स्थिती मिळवायला रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार अशा पाच फाइली लागतात. मंगळवारची खराब निघाली तर बुधवारपासून पुढचं सगळं गेलं, सोमवारपर्यंतचं शाबूत. डिफरेन्शियल (रोज रविवारच्या पूर्ण प्रतीपासूनचा फरक) असेल तर रविवार आणि गुरुवार, दोनच पुरतात. वीममध्ये व्हीबीके म्हणजे पूर्ण, व्हीआयबी म्हणजे पुढचा फरक आणि व्हीआरबी म्हणजे उलटा फरक. उलट्या पद्धतीत सगळ्यात ताजी प्रत पूर्ण असते आणि जुनं मिळवायला तिथून मागे चालत जावं लागतं, म्हणून तिथे ताजी फाइल ‘नको असलेली’ समजून उडवली की जुन्या सगळ्या निकामी होतात. ॲक्रॉनिसच्या जुन्या टीआयबी फाइलींच्या नावात बी, एस आणि व्ही या अक्षरांपुढे आकडे असतात: बी म्हणजे कितवी साखळी, एस म्हणजे साखळीतला कितवा तुकडा, व्ही म्हणजे तुकड्याचा कितवा भाग. एकाच बीच्या सगळ्या फाइली एका फोल्डरात असू द्या आणि ‘नाव नीट करतो’ म्हणून बदलू नका. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्सॉलिडेट’, ‘क्लीनअप’, ‘मॅनेज स्पेस’ या शब्दांना आत्ता हात लावायचा नाही; कन्सॉलिडेट म्हणजे मधल्या तारखा एकमेकींत मिसळून टाकणं.

लिनक्सवर रेस्टिक हे बॅकअपचं साधन लावलं असेल तर काम सोपं: ‘रेस्टिक स्नॅपशॉट्स’ने यादी, मग त्यातला ओळख क्रमांक, टार्गेट फोल्डर आणि इन्क्लूड मार्ग देऊन ‘रिस्टोअर’. ‘फर्गेट’ आणि ‘प्रून’ या जुन्या प्रती काढणाऱ्या आज्ञा तेवढ्या चालवू नका. सायनॉलॉजीसारख्या नॅसवर (नेटवर्कवरची साठवणपेटी) स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या प्रती, दिसायची सोय चालू असेल तर सामायिक फोल्डरातच ‘#स्नॅपशॉट’ नावाचा फोल्डर असतो, त्यात तारखा.

आणि डिस्कवर सरळ टॅलीचा फोल्डरच दिसत असेल, आजूबाजूला दुसरं काही नसेल, तर बहुधा कोणीतरी रोबोकॉपीची (विंडोजची फाइली कॉपी करायची आज्ञा) दोन ओळींची बॅच फाइल लावून दिली आहे. ती उघडून पाहा. त्यात ‘/एमआयआर’ असेल तर तो आरसा आहे: मूळ जागी जे पुसलं ते तिथेही पुसलं. याला बॅकअप म्हणायची पद्धत पडली आहे, पण यात जुनं काही राहत नाही. टॅलीचा स्वतःचा बॅकअप रोज त्याच फोल्डरात घेत असाल तरी हेच. टॅलीच्या ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीच्या काळातली टीबीके९००.००१ ही फाइल दर वेळी आधीच्यावरच लिहिली जाते. (शेवटचं .००१ पाहून काही जण ती सेव्हन-झिपने तुकडे जोडायला घेतात. ती त्या जातीची फाइल नाही.)

अशा वेळी जुनी प्रत डिस्कबाहेर शोधायची. दुकानाच्या संगणकावर डेटा फोल्डरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ पाहा. नोव्हेंबरमध्ये जीएसटीसाठी सीएंकडे पाठवलेला डेटा बहुतेकदा त्यांच्या संगणकावर किंवा ईमेलच्या ‘सेंट’मध्ये तसाच पडलेला असतो, आणि खरं सांगायचं तर अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडते ती हीच प्रत. फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेला असेल तर वेबवर फाइलीच्या ‘मॅनेज व्हर्जन्स’मध्ये ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतचं मिळतं. आज १२ डिसेंबर, म्हणजे १२ नोव्हेंबरच्या आधीचं तिथे गेलं असं धरा. पण निराश व्हायचं कारण नाही. पट्ट्या १३ नोव्हेंबरनंतर पुसल्या गेल्या असतील तर १३ ची आवृत्तीही चालेल.

इथे नेमकी कोणती तारीख हवी ते ठरवू. तुम्हाला ‘७ नोव्हेंबरची प्रत’ नको आहे. पट्ट्या नोंदल्यानंतरची आणि हरवण्याआधीची कोणतीही प्रत चालते, आणि त्यांतली शेवटची सगळ्यात चांगली. का, तर मधल्या दिवसांत एखाद्या पट्टीत हमाली-तोलाईची दुरुस्ती झाली असेल, तर ती फक्त नंतरच्या प्रतीत आहे. ८ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर अशा ३४ तारखा एकेक उघडायची गरज नाही. मधली, २५ नोव्हेंबरची उघडा. पट्ट्या आहेत? मग पुढच्या अर्ध्यात शोधा. नाहीत? मागच्या अर्ध्यात. दर वेळी निम्म्या तारखा बाद होतात. फार तर सहा प्रती उघडून शेवटची चांगली रात्र सापडते. प्रत्येक वेळी काय तपासायचं तेही आधीच कागदावर लिहा: तीन शेतकऱ्यांची नावं, वजन, रक्कम. व्हाउचर क्रमांकावर विसंबू नका. क्रमांक आपोआप पडत असतील तर मधलं व्हाउचर गेल्यावर पुढचे सरकू शकतात.

मिळालेला डेटा उघडायचा तो वेगळ्या जागी. टॅलीप्राइमच्या बॅकअपमधून असेल तर ऑल्ट आणि वाय, ‘रिस्टोअर’, आणि ‘डेस्टिनेशन’मध्ये नवा रिकामा फोल्डर. तिथे नेहमीचा डेटा मार्ग राहू दिलात तर आजची कंपनी गेली. फोल्डर कॉपी केला असेल तर कंपनी निवडताना त्या फोल्डरचा मार्ग द्या. पासवर्ड त्या तारखेचा लागेल. टॅलीव्हॉल्टचा (डेटा कुलूपबंद करायची टॅलीची सोय) पासवर्ड दिवाळीनंतर बदलला असेल तर जुना आठवावा लागेल. दरम्यान टॅलीची आवृत्ती बदलली असेल तर जुना डेटा रूपांतर करून मागू शकते आणि रूपांतरित डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, म्हणून त्या फोल्डरची आणखी एक न उघडलेली प्रत बाजूला राहू द्या. कंपनी उघडताच पहिलं काम तिचं नाव बदलायचं: ‘जुनी - वापरू नये’. हे राहिलं तर एकाच नावाच्या दोन कंपन्यांपैकी चुकीच्या कंपनीत मुनीमजी सकाळच्या पट्ट्या मारायला लागतात आणि एका गोंधळाचे दोन होतात.

आता फक्त हरवलेलं आजच्या कंपनीत आणायचं. वीस-बावीसच पट्ट्या आहेत, तेव्हा माझं मत विचाराल तर जुन्या कंपनीतून १ ते ७ नोव्हेंबरचं डे बुक (रोजच्या नोंदींची यादी) छापून घ्या आणि हाताने भरा. दीड-दोन तासांचं काम आहे आणि प्रत्येक पट्टी काटापट्टीशी ताडूनही होते. शंभर-दोनशे असत्या तर एक्सएमएलचा मार्ग: जुन्या कंपनीत डे बुक उघडून ऑल्ट आणि ई ने एक्सएमएलमध्ये निर्यात, आजच्या कंपनीत ऑल्ट आणि ओ ने व्हाउचर आयात. त्याआधी आजचा ताजा बॅकअप घ्या. खात्यांची नावं दोन्हीकडे अक्षरशः तीच हवीत; मध्ये कोणी ‘शिंदे मारोती’चं ‘मारोती शिंदे’ केलं असेल तर ती पट्टी आत येणार नाही. शिवाय पूर्ण आठवड्याचं डे बुक आणलंत तर जे हरवलं नव्हतं तेही दुबार पडू शकतं, म्हणून गाळून आणा.

मग दोन्ही कंपन्यांत ७ नोव्हेंबरअखेरची ट्रायल बॅलन्स (तेरीज) शेजारी ठेवा. जुळली नाही तर फरक कोणत्या खात्यात आहे ते पाहा. बहुतेकदा तो मधल्या काळात मागच्या तारखेने केलेल्या नोंदींचा निघतो, आणि त्या खऱ्या असतील तर त्या राहू द्यायच्या.

पुढच्यासाठी: रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२ प्रती, आणि ३१ मार्चची प्रत या मर्यादेच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर. जीएसटीखाली हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा ती प्रत तितकी टिकली पाहिजे. बॅच फाइलच चालवायची असेल तर /एमआयआर काढा आणि रोज वर्ष-महिना-दिवस अशा नावाचा नवा फोल्डर करा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. बॅकअप सुरू होण्याआधी टॅली बंद असायला हवी. सुरू असताना उचललेल्या फोल्डरात अर्ध्या फाइली नोंदीच्या आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या येऊ शकतात. डिस्क दोन ठेवा, आठवड्याला अदलाबदल करा, एक घरी. आणि बंद केलेलं वेळापत्रक पुन्हा चालू करण्याआधी डिस्कपार्टमधलं ‘रीडओन्ली’ काढायला विसरू नका, नाहीतर रात्री साडेनऊचा बॅकअप रोज अपयशी होत राहील आणि ते महिनाभर कोणाला कळणार नाही.